सुखाने नांद

नाशिक, १२ सप्टेंबर १९९८

सरू आत्या,

वर 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहायचं असतं हे मला माहीत आहे. पत्रलेखनाच्या प्रश्नाला मला कायम चांगले गुण मिळतात. पण तुला शेवटचं पाहिलं तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तुझ्या पाठुंगळी बसून पंचवटीच्या भाजीबाजारात हिंडायचे. पाठुंगळी बसलेलीने एकदम साष्टांग कसा घालायचा? म्हणून नुसतं सरू आत्या.

मी आभा, तुझ्या गोविंददादाची मुलगी. आता नववीत आहे. तुझा पत्ता बाबांनी दिला. मी मागितला तेव्हा ते स्कूटर पुसत होते. पुसणं न थांबवता म्हणाले, "पाकिटावर नाव तुझं घाल. आणि आजीसमोर हा विषय नको." म्हणजे पत्ता त्यांच्याकडे होताच. तू बडोद्याला मुलींच्या वसतिगृहात कामाला आहेस, हेही त्यांना ठाऊक होतं. आमच्या घरी तुझं नाव कुणी काढत नाही. आजीला अगदीच गरज पडली तर ती 'ती' म्हणते, आणि मग उगाच देवघरात जाऊन समईची वात सारखी करते.

पत्र लिहायचं निमित्त सांगते. यंदा शाळेने आम्हाला समाजसेवेच्या तासासाठी महिला केंद्रात पाठवलंय. गेल्या वर्षीच्या मुलांना रामकुंडावरचा कचरा उचलायला लावला होता, त्यापेक्षा हे बरं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्या वर्गाच्या मोहिनीबाई आम्हाला घेऊन जातात. तनय नावाचा एक मुलगा आमच्यात आहे, त्याने आधी 'तिथे खिचडी मिळते का' हे विचारून मगच नाव दिलं. केंद्रात घरातून निघून आलेल्या बायका राहतात. कुणी मार खाऊन आलेली, कुणाला हाकलून दिलेलं. आम्ही त्यांना अक्षरं शिकवायची, त्यांच्या मुलांचे अभ्यास घ्यायचे. केंद्र आशाताई बघतात. त्या हसत नाहीत, पण रागावतही नाहीत.

माझ्या वाटणीला फुलाबाई आली. बाई कसली, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असेल. पेठकडची आहे, डोंगरातली. ऑगस्टमध्ये आली. हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे, तो कसा पडला ते मी विचारलं नाही. मी 'फुलाबाई' म्हटलं तर तोंडावर पदर धरून हसली. "फुला म्हण गं. बाई म्हटलं का मला माझी सासू आठवती."

ती येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना एकच गोष्ट विचारते. आशाताईंना विचारते, स्वयंपाकाच्या लंकाबाईंना विचारते, आणि पहिल्याच दिवशी तिने मलाही विचारलं, "मला हितं ठेवशाल ना?" तिला आईवडील नाहीत. नवऱ्याकडून पळून ती दोनदा भावाकडे गेली होती, दोन्ही वेळा भावाने तिला परत नेऊन घातलं. म्हणून तिला वाटतं, इथूनही कधीतरी घालतील.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं तर आजी म्हणाली, "बायकांनी असं निघून येऊ नये." बाबा जेवता जेवता उठले. तेव्हा मला तू आठवलीस.

उत्तर दिलंस तर शाळेच्या पत्त्यावर दे.

तुझी,
आभा


८ नोव्हेंबर १९९८

सरू आत्या,

तुझं पत्र आलं नाही. शाळेच्या शिपाईकाकांना मी इतक्यांदा विचारलंय की ते आता मला लांबून बघूनच मान हलवतात. दिवाळीचं भेटकार्ड पाठवलं होतं तेही मिळालं असेल. असू दे. मीही तुझीच भाची आहे, पिच्छा सोडणार नाही.

फुलाला आता स्वतःचं नाव लिहिता येतं. 'फ' काढताना ती जीभ बाहेर काढते आणि अक्षराचं शेपूट इतकं लांब ओढते की पुढचं अक्षर खालच्या ओळीत जातं. मला ती नागलीची भाकरी थापायला शिकवते. माझी भाकरी बघून लंकाबाई म्हणाल्या, "हा भारताचा नकाशा हाय का श्रीलंकेचा?" फुला हसून हसून खाली बसली. ती हसली की अगदी आमच्या वर्गातली वाटते.

तिचा नवरा आता इथे येतो. बारकू त्याचं नाव. या दिवसांत त्यांच्याकडची माणसं द्राक्षाच्या बागांत कामाला येतात, तसा तोही दिंडोरीकडे आलाय. सुट्टीच्या दिवशी केंद्रासमोर रस्त्याच्या पलीकडे उकिडवा बसून राहतो. हातात गोडी शेवेची पुडी असते. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. नुसता बसतो. मला तो राक्षसासारखा दिसेल असं वाटलं होतं, पण बारीक, काटकुळा आहे आणि त्याच्या पायात चप्पल नसते. त्याला पाहिलं की फुला खिडकीपासून बाजूला होते आणि मग दिवसभर तिला एक अक्षर आठवत नाही.

मी आशाताईंना विचारलं, तिला ठेवणार ना तुम्ही? त्या म्हणाल्या, सहा महिने झाले की समिती बसते, बाईला काय हवंय ते विचारते आणि मग ठरतं. तिला राहायचं असेल तर शिवणाच्या वर्गाला घालू, अंबडला कारखान्यात पॅकिंगचं काम मिळतं. मी हे सगळं फुलाला सांगितलं. पण तिने त्यातलं फक्त 'सहा महिने' धरून ठेवलंय. "सहा महिनं झालं का कळंल मला," म्हणते. तिच्या गावी कुणाला काही तोंडाने सांगायची पद्धत नाही, असं ती म्हणाली. भावाने तिला 'जा' असं कधीच म्हटलं नाही. एक दिवस सकाळी त्याने बैलगाडी जुंपली आणि तिचं गाठोडं गाडीत ठेवलं. तेवढ्यावरून समजायचं.

आत्या, तू बडोद्याला गेलीस तेव्हा तुला 'राहा' असं कुणी म्हणालं का? की तुला आपोआप समजलं? हे मला तुलाच विचारावंसं वाटतं, घरात कुणाला विचारता येत नाही.

आभा


१० जानेवारी १९९९

सरू आत्या,

आज खूप आनंदात लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही केंद्रात करणार आहोत! रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, शनिवारी. कल्पना माझी. मोहिनीबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी मुख्याध्यापकांकडून तिथल्या तिथे परवानगी आणली. केंद्रातल्या बायकांना हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. ज्या विधवा आहेत त्यांना तर नाहीच, पण नवऱ्याने टाकलेल्यांनाही नाही. बाई म्हणाल्या, आपण हा भेद मोडायचा, सरसकट सगळ्यांना कुंकू लावायचं आणि सगळ्यांची ओटी भरायची. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी, सगळं साग्रसंगीत. तनय म्हणतो नारळ तो आणणार, कारण त्याच्या काकांचं त्र्यंबकला पूजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याने आणलेले नारळ आधीच कुणीतरी देवाला वाहिलेले नसतील ना, अशी आम्ही त्याची चेष्टा करतोय.

आता प्रश्न आला की ओटी भरायची कशी. आमच्यापैकी कुणीच कधी भरलेली नाही. बाईंचं लग्न झालेलं नाही, त्या म्हणाल्या, "माझी कुणी भरली नाही आणि मी कुणाची भरली नाही." मग मी म्हटलं, मला येतं. कारण मी पाहिलंय. आठवतं का तुला? तुझी ओटी आजी भरत होती तेव्हा ताट मी धरलं होतं. ताट जड होतं आणि नारळ गडगडून पडेल म्हणून मी हनुवटीने तो दाबून धरला होता. तू खाली बघत होतीस. आजीने तुझ्या पदरात ओंजळ घातली, ती काय म्हणाली तेसुद्धा मला पाठ आहे. मग बाबांनी स्कूटर काढली आणि तुला देवळालीला, तुझ्या सासरी सोडून आले. आमच्या घरात भरलेली ती शेवटचीच ओटी. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू तिथूनही गेलीस.

तर सगळ्यांना मी शिकवणार आहे. फुलाची ओटी मात्र मी स्वतः भरणार. तिच्या लग्नातसुद्धा ती कुणी भरली नव्हती. त्याला आई लागते, म्हणाली.

आता तरी उत्तर दे गं. चार ओळी दे. शिव्या दिल्यास तरी चालतील.

आभा


२३ जानेवारी १९९९, संध्याकाळ

सरू आत्या,

दमलेय, पण आजचं आजच लिहायला हवं.

फार सुंदर झालं सगळं. आशाताईंना एका बाईच्या तारखेसाठी कोर्टात जावं लागलं, नाहीतर त्याही असत्या. आम्ही केंद्राच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, दारात रांगोळी काढली. बायका आधी लाजत होत्या. एक म्हातारी बयाबाई आहेत, त्यांना कुंकू लावायला गेले तर त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ झाकून घेतलं. मग मोहिनीबाईंनी त्यांचे हात हळूच बाजूला केले. सगळ्या जणी डोळे पुसत होत्या. तिळगूळ वाटला, तनयने आणलेले नारळ चांगले निघाले.

फुलाने हिरवी साडी नेसली होती, लंकाबाईंची. तिला पाटावर बसवलं. मी अगदी आजीसारखी पदर खोचून उभी राहिले. म्हणजे माझ्याकडे पदर नव्हता, ओढणी होती. पदरात तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. आणि आजी म्हणाली होती तसंच, तिच्याच सुरात म्हटलं, "सुखाने नांद हो बाई."

फुला बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती रडतच वाकून माझ्या पायाला हात लावायला लागली. मी मागे सरकले, म्हटलं अगं मी लहान आहे. तिने ओटी पदरात घट्ट बांधली. मग विचारलं, "मंग आता जाऊ मी?"

तिच्या मागे पाटावर बसायला बायका थांबल्या होत्या. मी म्हटलं, "जा की."

तिच्या आयुष्यातली ती पहिली ओटी, आत्या. घरी येताना मला सारखं वाटत होतं की आज आपण काहीतरी चांगलं केलं. असं मला आजवर कधीच वाटलं नव्हतं.

आभा


३१ जानेवारी १९९९

आत्या,

फुला गेली.

मला काल, शनिवारी गेल्यावर कळलं. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने अंघोळ केली, गाठोडं बांधलं आणि आशाताईंपुढे जाऊन उभी राहिली. आशाताईंनी पुन्हा पुन्हा विचारलं. कुणी सांगितलं का तुला जायला? नाय. नवऱ्याने काही धमकी दिली का? नाय. मग का जातेस? "माझी वेळ झाली." आशाताई म्हणाल्या, तिला कोंडून ठेवलं असतं तर तिच्या घरात आणि आपल्या केंद्रात फरक काय राहिला असता? त्यांनी तिला जाऊ दिलं. ती रस्ता ओलांडून बारकूकडे गेली. निघताना 'येते' म्हणाली. आपल्याकडे 'जाते' कुणीच म्हणत नाही, तरी आशाताईंना वाटलं, काही वाटलं तर परत येईल.

काल दुपारपर्यंत मला काही कळत नव्हतं. मी तिच्यावर चिडले होते. इतकं शिकवलं, इतकं केलं, आणि बाईसाहेब शेवेच्या पुडीवर गेल्या, असं मी तनयला बोललेसुद्धा.

परत येताना मी दप्तर घ्यायला शाळेत गेले, तर शिपाईकाकांनी हाक मारली. तुझं पत्र आलं होतं. पाच महिन्यांत पहिलं. मी तिथेच पायरीवर बसून वाचलं.

तू लिहिलंस, "हळदीकुंकू करा, तिळगूळ द्या, पण ओटी भरू नका. भरलीच तर आईचे शब्द उच्चारू नकोस. आल्यागेल्या सवाष्णीची ओटी वेगळी आणि आसऱ्याला आलेल्या मुलीची वेगळी. माहेरची ओटी भरली की मुलीने निघायचं असतं. मी तीनदा आले, तीनदा माझी ओटी भरली. मला कुणी 'जा' म्हणालं नाही." आणि खाली, "तुझं पत्र हातात घेऊन मी कितीतरी दिवस बसून राहिले. तू ताट धरलं होतंस, हे मी विसरले होते."

मी ते परत परत वाचलं. मग मला 'नांद' हा शब्द ऐकू आला. म्हणजे आजवर तो मी कधी ऐकलाच नव्हता, नुसता पाठ केला होता. मुलगी माहेरी नांदत नाही, सासरी नांदते. मी तिला भर सभेत, तांदळाने, नारळाने सासरी पाठवली. आणि वर तिने विचारलं, जाऊ का, तर मी म्हटलं, जा की.

मी आशाताईंकडे पळत गेले. त्यांना सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा असा बघितला. म्हणाल्या, "मी कोर्टातून आल्यावर कुणीतरी मला सांगायला हवं होतं, की तिचीही भरली." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हे तू एकटीने अंगावर घेऊ नकोस. मला त्यांच्या त्या मायेचा जास्त त्रास झाला. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

तू लवकर लिहिलं असतंस तर, असंही माझ्या मनात येतं. ते लिहू नये, पण येतं. तुझा राग येतो आणि मग तुझी ओटी डोळ्यांपुढे येते आणि राग जातो.

आभा


१६ मे १९९९

आत्या,

तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. 'मी तेव्हाच लिहायला हवं होतं' हे तू पुन्हा लिहू नकोस, मला वाचवत नाही. माझी तब्येत बरी आहे. बाबांनी तुला काय कळवलं ते माहीत नाही, पण नववीच्या परीक्षेत मी पहिली आले नाही एवढंच झालंय, त्याने कुणी मरत नाही.

काल फुला भेटली.

आशाताईंनी दोनदा निरोप पाठवले होते, एकदा त्या स्वतः पेठला जाऊन आल्या, पण हे लोक बागांच्या कामावर होते, कुठल्या बागेत ते कुणी सांगेना. आणि काल मी मामाकडून येऊन सीबीएसच्या एसटी स्टँडवर उतरले, तर पेठच्या गाडीच्या फलाटावर ती बसलेली. सोबत म्हातारी सासू. फुला इतकी वाळलीय की आधी मी पुढे निघून गेले. तिनेच हाक मारली, "आभाबाय!"

तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. मी विचारायच्या आत म्हणाली, "पडली." सासू पलीकडे तंबाखू मळत होती, तिने वर बघितलं नाही.

मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. हळू आवाजात, पण एका दमात. की ती ओटी पाठवणीची नव्हती. मला कळत नव्हतं. आम्ही सगळ्यांचीच भरली, बयाबाईंचीही भरली, त्या बघ अजून तिथेच आहेत. कुणी तुला जा म्हणालेलं नाही. आत्ता चल, माझ्याबरोबर, अशीच चल.

ती ऐकत होती. मला वाटलं ती रडेल किंवा रागावेल. ती हसली गं, आत्या. मी भाकरी चुकले की हसायची तशी.

"येडी हायेस," म्हणाली. "चुकून कुणी ओटी भरतं का?"

मी म्हटलं, मी भरली.

"ह्ये बघ. भावानं मला गाठोड्यावानी गाडीत टाकली. दोन येळा. तुम्ही मला पाटावर बसवली. खण दिला, नारळ दिला, चार बायांच्या पुढं. मला कोणी असं धाडलं नव्हतं. आता मी पळून आली तं तुमचं नाव जाईल ना? ही म्हातारी बी म्हणती, हिचं माहेर लय चांगलं हाय."

मी म्हटलं, जाऊ दे नाव. आमचं काही नाव नाही.

"तुला नाय कळायचं," म्हणाली. "ओटी घेतली का तिचा मान ठेवावा लागतो."

मी तिचा चांगला हात धरला. गाडी लागली. सासूने तिच्या डोक्यावर बोचकं दिलं. चढताना फुला वळली आणि विचारलं, "बयाबाईला कुंकू लावता का अजून?" मी म्हटलं, हो. खरं तर कुणीच लावत नाही. मग गाडी गेली. मी आशाताईंना लगेच फोन केला, त्या उद्या पुन्हा पेठला जाणार आहेत, आणि या वेळी पोलिसांनाही कळवणार आहेत. फुला 'नाही' म्हणाली तर काय करणार, हे त्यांनाही माहीत नाही.

तू वसतिगृहात इतक्या मुलींना सांभाळतेस. सांग ना, मी काय बोलायला हवं होतं? कुठला शब्द?

आभा


१९ सप्टेंबर १९९९

आत्या,

बाबांनी तुला फोनवर सांगितलंच असेल. तरी मला लिहू दे.

फुला सोमवारी गेली. या वेळी खरंच गेली. 'विहिरीवर पाण्याला गेली, पाय घसरला,' असं घरच्यांनी सांगितलं. सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा तिच्या अंगावर काय काय होतं ते आशाताईंनी पाहिलं, मला सांगितलं नाही. पोलिसांनी बारकूला नेलंय. मे महिन्यात आशाताई गेल्या होत्या, पोलीसही गेले होते, तेव्हा फुलाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मला काही त्रास नाही, मी नांदतेय. हाच शब्द.

मंगळवारी मी शाळेतून सरळ केंद्रात गेले होते. दुपारी दारात फुलाची सासू आली. चिमणाबाई. सोबत गावातला एक म्हातारा. आम्हाला वाटलं, मुलाला सोडवा म्हणायला आली असेल. आशाताईंचा आवाज मी तेवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. म्हातारी ऐकत उभी राहिली. आशाताईंचं बोलून झाल्यावर म्हणाली,

"माहेरचं लुगडं न्याया आली बाई."

आशाताईंना कळेना. म्हातारीने परत सांगितलं. बाईमाणूस गेलं की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. त्याशिवाय तिला उचलत नाहीत. भावाकडे माणूस धाडला होता, त्याने दार उघडलं नाही. "आन् भाऊ कशाला? तिचं माहेर हेच. तुम्हीच तिची ओटी भरून धाडली. ती समद्यांना सांगायची."

हॉलमध्ये सगळ्या बायका जमल्या होत्या. आशाताई आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी घरी पळत आले. आजी गणपतीसाठी दूर्वा निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ओटीचं, शब्दांचं, तुझ्या पत्राचं, सगळं. आजवर घरात लपवलेलं सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं होतं, ती देवघरात जाईल. ती उठली, आणि कपाटातून कोरं नऊवारी काढलं, तिच्यासाठी बाबांनी दिवाळीला आणलेलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "पोरीबाळींनी न्यायचं नसतं हे. आईच्या वयाचं कुणी लागतं."

आजी आली, आत्या. घरात गणपती असताना, सोवळं बाजूला ठेवून, बाबांना बरोबर घेऊन, रिक्षात बसून दवाखान्यात आली. तिथे मागच्या बाजूला एक शेड आहे. मला तिने बाहेर थांबवलं, पण दार उघडं होतं. तिने लुगड्याची घडी मोडली आणि फुलाला पांघरलं. पायाकडून नीट केलं, मग भाजल्याच्या डागाचा हात बाहेर राहिला होता तो आत घेतला. तोंडाने काहीतरी म्हणायचं असतं, चिमणाबाई वाट बघत होती. आजीचे ओठ हलले, पण ती काही बोलली नाही. मग तिने कपाळाला कपाळ लावलं आणि तशीच राहिली. बाबांनी तिला उठवलं.

परत येताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. पंचवटी आली तेव्हा म्हणाली, "सरूला लिही." मी म्हटलं, काय लिहू? म्हणाली, "आईने ये म्हटलंय म्हणून लिही. राहायला ये म्हणावं. तिच्यासाठी असं लुगडं घेऊन जायची पाळी माझ्यावर येऊ नये." आणि मग तोंडात पदर कोंबून रडली. मी तिला रडताना कधीच पाहिलं नव्हतं. बाबा पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी बसले होते, त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

आजीचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत लिहिलंय. हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. तिचे शब्द मी एकदा माझ्या तोंडाने बोलले आणि त्याचं काय झालं ते तू जाणतेस. म्हणून मी तुला ये म्हणणार नाही. येऊ नको असंही म्हणणार नाही. तुझ्या मनात असेल तर ये, नसेल तर आजीला मी समजावेन, तू काळजी करू नकोस.

माझं स्वतःचं सांगायचं इतकंच आहे. त्या शेडच्या बाहेर उभी असताना मला सारखं वाटत होतं की तूही चौथ्यांदा परत गेली असतीस. तू गेली नाहीस. तू बडोद्याला आहेस, सकाळी उठतेस, वसतिगृहातल्या मुलींवर ओरडतेस, उशिरा का होईना पत्राला उत्तर देतेस. मला ते पुरतं. तू आयुष्यभर नाशिकला आली नाहीस तरी मला पुरतं.

तुझी,
आभा